धूळ पुसण्यापूर्वी : बंद पडलेल्या मोटारींचे पुनरुज्जीवन आणि इतिहासाचा प्रश्न

(थ्रेड)

१/
२०१४ सालची गोष्ट. अडगळीचे सामान धुंडाळून त्याची किंमत लावणाऱ्या एका जर्मन दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या चमूला एका जुन्या कोठारात दोन पोर्शे मोटारी आढळल्या. एक सोनेरी, दुसरी लाल. दोन्ही कित्येक वर्षांत जागच्या हलल्या नव्हत्या. लाल गाडीचा पत्रा गंजाने खाल्ला होता आणि पुढची मडगार्डे नाहीशी झाली होती. गाड्यांचे मोल जाणून घेण्यासाठी चमूने श्टुटगार्टच्या पोर्शे संग्रहालयाशी संपर्क साधला. तेथील जाणकारांनी लाल गाडीचा चॅसी क्रमांक ताडून पाहिला. तो होता ३००.०५७. त्या एका क्रमांकाने भंगाराची किंमत पालटली.

२/
या क्रमांकाला पार्श्वभूमी आहे. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात पोर्शेने आपली नवी गाडी मांडली, तेव्हा तिचे नाव ९०१ होते. १९६४ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि लगेच प्यूजो कंपनीने हरकत घेतली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समध्ये प्यूजोचा हक्क होता. पोर्शेने मधल्या शून्याच्या जागी एक घातला आणि ९११ हे नाव जन्माला आले. तोवर ९०१ म्हणून ८२ गाड्या तयार झाल्या होत्या. कोठारातली लाल गाडी त्यांपैकी ५७ व्या क्रमांकाची, ऑक्टोबर १९६४ ची. इतकी आरंभीची ९०१ खुद्द पोर्शेच्या संग्रहालयापाशी नव्हती. संग्रहालयाने ती विकत घेतली.

३/
पुढची तीन वर्षे तिच्यावर काम चालले. डिसेंबर २०१७ मध्ये ती लालचुटुक, झळझळीत अवस्थेत लोकांसमोर आली. प्रेक्षक हरखले. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र एक अवघड प्रश्न उभा राहतो. १९६४ ची गाडी परत मिळाली हे खरे. पण कोठारात गेलेल्या वर्षांचे काय झाले?

या थ्रेडचे म्हणणे थोडक्यात असे : जुनी गाडी पुन्हा चालती करणे योग्यच आहे. मात्र तिचे वय पुसून टाकण्याचा अधिकार कोणालाही सहज मिळू नये. बंद पडून राहिलेली वर्षे हाही तिच्या चरित्राचा भाग आहे. तो पुसावा लागलाच, तर आधी त्याची नोंद व्हावी.

४/
आधी हे समजून घ्यायला हवे की उभी असलेली गाडी स्वस्थ नसते. आत बरेच काही घडत असते. पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि मागे चिकट राळेसारखा थर उरतो. तो कार्ब्युरेटरमधली केसाएवढी बारीक भोके बुजवतो. टाकी आतून गंजते. ब्रेकमधले द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि चाकांजवळचे छोटे सिलिंडर आतून सडवते. रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. उंदीर तारांवरचे आवरण कुरतडतात. एकाच जागी वर्षानुवर्षे भार पडल्याने टायर खालून चपटे होतात.

५/
सर्वांत नाजूक जागा इंजिनाच्या पोटात असते. पिस्टनवरच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीला टेकलेल्या असतात. मधले तेल ओघळून खाली गेले आणि दमट हवा आत शिरली की कड्या आणि भिंत गंजाने एकमेकींना धरून बसतात. मिस्त्रींच्या भाषेत इंजिन जॅम होते.

म्हणूनच कोठारातून गाडी बाहेर काढताच नवी बॅटरी जोडून किल्ली फिरवणे हा सर्वांत मोठा अपराध ठरतो. अडकलेल्या कडीला स्टार्टरचा हिसका बसला की कडी तुटते आणि सिलिंडरवर खोल ओरखडा उठतो. पन्नास वर्षे उंदीर-गंजाला पुरून उरलेले मूळ इंजिन उत्साहाच्या पाच सेकंदांत निकामी होऊ शकते.

६/
जाणता कारागीर घाई करीत नाही. तो स्पार्क प्लग काढतो, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सैल करणारे पातळ तेल सोडतो आणि काही दिवस थांबतो. मग मोठा पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहतो. हाताला जो अडथळा जाणवतो, तो स्टार्टरला कळत नाही. इंजिन सुटले की जुने तेल काढून नवे भरले जाते, टाकी उतरवून साफ होते, कार्ब्युरेटर खोलला जातो, ब्रेक पूर्ण नवे बांधले जातात. ठिणगी आणि पेट्रोल यांची पाळी सर्वांत शेवटी येते.

या रीतीत इतिहासाच्या अभ्यासाशी जवळचे नाते सांगणारे काहीतरी आहे. आधी पाहणे, मग हात लावणे.

७/
पाहायचे काय? जुनी गाडी म्हणजे एक दप्तर असते. चॅसी आणि इंजिनवर ठोकलेले क्रमांक हे त्यातले सर्वपरिचित कागद. पण त्यांखेरीज कितीतरी पुरावे पत्र्यावर, कापडावर आणि रंगाखाली दडलेले असतात. आसनाच्या अस्तराखाली कारखान्यातल्या कामगाराने केलेली खूण सापडू शकते. रंगाचे थर क्रमाने उलगडले तर गाडी कधी कोणत्या रंगाची होती हे कळते. जुन्या जोडकामावरून अपघात वाचता येतो. हाताने ठोकून घडवलेल्या गाडीत डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. तो फरक म्हणजे त्या कारागिराची सहीच. पॉलिश पेपर आणि नवा रंग यांच्यापुढे यातले काहीही टिकत नाही.

८/
मग करावे काय? गेल्या काही वर्षांतली तीन उदाहरणे तीन वेगळी उत्तरे देतात. पहिले उत्तर स्वित्झर्लंडच्या एका सरोवरातले आहे.

१९२५ ची बुगाटी ‘टाइप २२ ब्रेशिया’ ही दोन आसनी चपळ गाडी. आस्कोना गावाजवळ ती बेवारस राहिली. आयात जकात भरलेली नव्हती. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी १९३६ मध्ये तिला साखळीने बांधून माज्जोरे सरोवरात सोडले. मालक सापडल्यास ओढून काढता यावी, एवढाच साखळीचा हेतू. साखळी गंजून तुटली आणि गाडी सुमारे ५३ मीटर खोल तळाशी गेली. १९६७ मध्ये एका पाणबुड्याला ती दिसली. त्यानंतर कित्येक दशके पाणबुडे तिच्या दर्शनाला जात राहिले.

९/
जुलै २००९ मध्ये ती वर काढण्यात आली. गाळात रुतलेली बाजू बरीच टिकली होती. पाण्याला उघडी पडलेली बाजू विरून गेली होती. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात तिला २ लाख ६० हजार ५०० युरो मिळाले. कॅलिफोर्नियातील मलिन मोटार संग्रहालयाने ती घेतली आणि जशी होती तशीच प्रदर्शनात मांडली.

हे उत्तर पूर्ण संयमाचे होते आणि योग्य होते. त्या अवशेषातून चालती गाडी घडवायची, तर जवळपास सारेच नवे करावे लागले असते. मग उरली असती ती २०१० ची गाडी, १९२५ चा क्रमांक मिरवणारी. सरोवराचा इतिहास मात्र कायमचा बुडाला असता.

१०/
दुसरे उत्तर फ्रान्सच्या पश्चिम भागातले. रोजे बायों हे वाहतूक उद्योजक. १९५० च्या दशकापासून त्यांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या आणि नंतरच्या मोटारी गोळा करायला सुरुवात केली. स्वप्न संग्रहालयाचे होते. १९७० च्या दशकात व्यवसाय अडचणीत आला, बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या, संग्रहालय झालेच नाही. उरलेल्या गाड्या पत्र्याच्या तात्पुरत्या छपरांखाली आणि कोठारांत पडून राहिल्या. काहींवर छप्पर कोसळले. काहींवर वेली चढल्या. २०१४ मध्ये वारसांच्या बोलावण्यावरून लिलावसंस्थेचे तज्ज्ञ तेथे पोहोचले, तेव्हा सुमारे साठ गाड्या तशाच उभ्या होत्या.

११/
त्यांपैकी एका कोठारात जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली एक निळी गाडी होती. १९६१ ची फेरारी ‘२५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर’, आखूड बांधणीची. या प्रकारच्या अवघ्या काही डझन गाड्या बनल्या. फ्रेंच चित्रपटांतला नामांकित अभिनेता अलँ दलों या गाडीत बसलेला असतानाची छायाचित्रे उपलब्ध आहेत. बायों यांनी ती १९७१ मध्ये घेतली होती.

फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ती धुळीसकट मांडण्यात आली. अंदाज होता ९५ लाख ते १ कोटी २० लाख युरो. प्रत्यक्षात सुमारे १ कोटी ६३ लाख युरो मिळाले. संपूर्ण संग्रहाची विक्री अडीच कोटींच्या आसपास गेली.

१२/
या लिलावाचा अर्थ अनेकांनी पैशाच्या भाषेत लावला : धुळीलाही भाव आला. इतिहासाच्या भाषेत त्याचा अर्थ निराळा आहे. त्या मासिकांच्या गठ्ठ्यांनी, त्या धुळीने एक गोष्ट सिद्ध केली होती. १९७० च्या दशकानंतर या गाडीला कोणी हात लावलेला नाही. तिचा पत्रा, तिचे कातडे, तिचे खिळे हे सारे त्या काळाचे साक्षीदार आहेत. अशी साक्ष एकदाच मिळते. धूळ पुसल्यानंतर ‘येथे धूळ होती’ हे सांगणारा केवळ छायाचित्रकार उरतो, आणि छायाचित्र कोणी काढलेलेच नसेल तर तोही नाही.

१३/
तरीही जगातल्या बहुसंख्य जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींच्या नशिबी हे आले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सजवलेल्या मोटारींच्या स्पर्धांना बहर आला. त्यांतली सर्वांत प्रतिष्ठेची कॅलिफोर्नियातील पेबल बीचची, १९५० पासून भरणारी. अशा स्पर्धांत परीक्षकांना निर्दोष गाडी दिसावी म्हणून मालकांनी रंगाचे थरावर थर चढवले, कारखान्यात कधी नव्हती इतकी चकाकी आणली, हाताने ठोकलेल्या पत्र्याच्या दोन्ही बाजू मोजमाप करून समान केल्या. गाडी मूळ होती त्याहून नवी झाली. पोथी संपादकाने जुन्या प्रतीतल्या लेखनिकाच्या चुका दुरुस्त करून मूळ प्रत जाळून टाकावी, तसा हा प्रकार.

१४/
सुदैवाने वारे पालटत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पेबल बीचचे सर्वोच्च पारितोषिक प्रथमच एका जतनवर्गातील, म्हणजे पुनर्निर्मिती न केलेल्या मोटारीला मिळाले. ती होती १९३४ ची बुगाटी ‘टाइप ५९’. शर्यतीसाठी बनलेली ही गाडी पुढे बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली होती. तिचा काळा रंग झिजलेला, कातडे भेगाळलेले. आजूबाजूला आरशासारख्या गाड्या उभ्या असताना परीक्षकांनी झिजलेल्या गाडीला पहिले स्थान दिले. सात दशकांहून अधिक जुन्या स्पर्धेचा हा निर्णय लहान नाही. मालकांच्या पुढच्या पिढीला त्यातून संदेश मिळतो : न पुसण्यातही मान आहे.

१५/
येथे कोणी विचारील, सारे भाग बदलले तरी गाडी तीच राहत नाही का? हा प्रश्न लंडनच्या उच्च न्यायालयातही गेला होता. ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटलीची स्पीड सिक्स गाडी. तिने १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. नंतर ती अनेकदा बदलली गेली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात झाला आणि चालक क्लाइव्ह डन्फी मृत्युमुखी पडला. गाडी पुन्हा बांधली गेली. १९९० मध्ये तिचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला, आणि ही खरी गाडीच नव्हे असे म्हणत खरेदीदार मागे हटला.

१६/
विक्रेता न्यायालयात गेला. १९२९ च्या गाडीतले फारच थोडे भाग शिल्लक आहेत हे न्यायमूर्तींनी मान्य केले. तरीही ही गाडी ‘ओल्ड नंबर वन’च आहे, असा निकाल त्यांनी दिला. तिचे अस्तित्व कधीही खंडित झाले नव्हते. एका बदलातून दुसऱ्या बदलाकडे जाणारी साखळी दाखवता येत होती.

या निकालाचा आधार घेऊन काही जण म्हणतात की मग काहीही बदलले तरी चालेल. निकाल नीट वाचला तर निष्कर्ष उलटा निघतो. धातू बदलला असताना ओळख वाचली ती सलग इतिहास मांडता आला म्हणून. ज्या गाडीत काय, केव्हा, का बदलले हे कोणीच लिहून ठेवले नाही, तिच्याजवळ ना मूळ धातू असतो ना साखळी.

१७/
वास्तूंच्या बाबतीत जगाने हा विचार कधीच केला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने स्मारकांच्या जतनाची तत्त्वे मांडली. जेथे अंदाज सुरू होतो तेथे पुनर्निर्मिती थांबावी. नवा भाग जुन्याशी सुसंगत असावा, पण निरखून पाहणाऱ्याला वेगळा ओळखू यावा. स्मारकावर वेगवेगळ्या काळांत झालेल्या भरीचाही आदर व्हावा.

योगायोग असा की, ज्या वर्षी ही सनद झाली, त्याच वर्षी ५७ क्रमांकाची ९०१ कारखान्यातून बाहेर पडली. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने याच विचारावर आधारलेली ‘तुरिन सनद’ २०१२ मध्ये स्वीकारली. मोटारीला स्मारकाचा दर्जा मिळायला जवळपास अर्धशतक लागले.

१८/
आता पुन्हा त्या लाल पोर्शेकडे वळता येईल. ती तिसरे उत्तर आहे आणि सर्वांत वादग्रस्तही. सरोवरातल्या बुगाटीसारखी ती सोडून देता आली असती. संग्रहालयाने तसे केले नाही. पण काम कसे झाले ते पाहण्याजोगे आहे. एकट्या सांगाड्याच्या दुरुस्तीला सुमारे वर्ष लागले. सडलेल्या भागांच्या जागी त्याच काळातल्या दुसऱ्या गाडीच्या पत्र्याचे तुकडे कापून बसवले गेले. इंजिन, गिअरबॉक्स, तारा, आतली सजावट या सर्वांसाठी नियम एकच : जुना भाग किंवा त्याचा तुकडाही वाचत असेल तर तो वाचवायचा, नवा बसवणे हा शेवटचा उपाय.

१९/
तरीही बाहेरून पाहणाऱ्याला आज त्या गाडीत कोठारातली वर्षे दिसत नाहीत. हे नुकसान आहे आणि ते नुकसान म्हणूनच मान्य करायला हवे. संग्रहालयाच्या बाजूने एक मुद्दा मात्र बळकट आहे. गंज थांबत नसतो. पत्र्यात एकदा शिरलेला गंज साक्ष देतो, तसाच साक्षीदारालाही खातो. त्या गाडीची पुढची मडगार्डे अगोदरच गेलेली होती. तशीच ठेवली असती तर काही दशकांनी क्रमांकाची पट्टी आणि लाल भुकटी एवढेच राहिले असते. जेथे काळ पुरावा जपत नसून नष्ट करीत आहे, तेथे हात न लावणे हीसुद्धा एक कृतीच ठरते, आणि तिचीही जबाबदारी घ्यावी लागते.

२०/
दुसरा आक्षेप यंत्रप्रेमींचा. गाडी म्हणजे मूर्ती नव्हे. ती धावली तरच गाडी. दोन लिटरचे, सहा सिलिंडरचे, हवेने थंड होणारे ते इंजिन १३० अश्वशक्ती देत असे आणि गाडीला ताशी २१० किलोमीटरपर्यंत नेत असे. तो आवाज, ती थरथर, गिअर बदलताना हाताला जाणवणारा तो खटका यांचीही नोंद कोणत्याही कागदात नसते. तीही गाडीच सांगू शकते, आणि चालू असतानाच.

हा आक्षेप पूर्ण मान्य करूनही मूळ म्हणणे ढळत नाही. इंजिन चालू करण्यासाठी रंग खरवडावा लागत नाही. ब्रेक नवे करण्यासाठी आसनाचे कातडे फाडावे लागत नाही. यंत्राला जिवंत करणे आणि कांतीला तरुण करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी पहिल्याचे निमित्त पुढे केले जाते, एवढेच.

२१/
या तिन्ही उदाहरणांतून काही दंडक हाती लागतात.

पहिला, गाडी हलवण्यापूर्वी तिची नोंद व्हावी. सर्व बाजूंनी छायाचित्रे, क्रमांक, आत सापडलेल्या पावत्या, मासिके, चिठ्ठ्या, अगदी धुळीवरच्या खुणासुद्धा.

दुसरा, जे परत फिरवता येईल ते आधी करावे. तेल, नळ्या, टायर, ब्रेक बदलता येतात आणि जुने भाग पेटीत जपता येतात. रंग परत येत नाही.

तिसरा, सुरक्षिततेशी तडजोड नसावी. जुना ब्रेक इतिहास म्हणून कपाटात शोभतो, रस्त्यावर नव्हे.

चौथा, बदललेला प्रत्येक भाग लिहून ठेवावा आणि लपवू नये.

२२/
हे दंडक भारतातल्या वाचकांसाठी परके नाहीत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकींना ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही अट आहे. नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास अशा कारणांसाठी अशी गाडी रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही.

तत्त्व म्हणून हे स्वागतार्ह आहे. कायद्याने मूळपणाला प्रथमच किंमत दिली. मात्र व्याख्येचा भर सांगाड्यावर आणि यंत्रावर आहे. रंग, कापड, ओरखडे यांची काळजी मालकाच्या विवेकावर सोडलेली आहे.

२३/
आणि विवेकाची परीक्षा लक्षाधीशांच्या फेरारीपुरती नसते. वाड्याच्या पडवीत, इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आजोबांची गाडी उभी असते. सुट्टीत नातवंडांना हुरूप येतो. पहिल्या दिवशी पाण्याचा पाइप, दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी, तिसऱ्या दिवशी पेंटरचा अंदाजखर्च. यात आणखी एक धोका आता नवा आहे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पाणी शोषते आणि त्या काळातल्या रबरी नळ्या, वॉशर यांना मानवत नाही. ते आधी बदलले नाहीत तर गळती आणि आग यांची भीती राहते. हौस चुकीची नाही. क्रम चुकलेला असतो.

२४/
त्या लाल पोर्शेची किंमत कोठारातच ठरली होती, कारण कोणीतरी गाडी धुण्याआधी क्रमांक वाचला. ती सांगाड्यावर ठोकलेली अक्षरे गंजाखाली जाण्यापूर्वी वाचली गेली नसती, तर ५७ क्रमांकाची ९०१ आज भंगारातला एक लाल पत्रा असती.

तेव्हा घरातली, शेजारातली एखादी मोटार अनेक वर्षांनी ताडपत्रीतून बाहेर येणार असेल, तर पाण्याची बादली भरण्यापूर्वी एक तास तिच्याभोवती फिरावे. कॅमेरा आणि वही सोबत असावी. डिकी उघडावी, आसनाखाली पाहावे, क्रमांक टिपावेत, वडीलधाऱ्यांना ती कधी थांबली आणि का थांबली हे विचारावे. पाना त्यानंतर हाती घ्यावा.

(थ्रेड समाप्त)